सलाईन लावली की उठून बसायची, म्हणून खरा रोग कोणी शोधलाच नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला कास्तकार. पेपरात पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, मोबाईलवर टाईप करून राहिलो, शुद्धलेखन सांभाळून घ्या. विषय कुत्र्याच्या आजाराचा आहे, पण तेवढ्यासाठी पत्र बाजूला ठेवू नका ही विनंती, कारण आमच्या भागात रात्रीचं वावर माणसापेक्षा कुत्रंच जास्त राखते. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत तुरीचं काय करतात ते विदर्भातल्या वाचकाला सांगायची गरज नाही. जागलीला गेलेल्या माणसाचा डोळा लागतो, कुत्र्याचा लागत नाही.

आमची मैना गावठी आहे. तांबूस रंग, वय साडेपाच वर्षं, वजन सोळा किलो, आमच्याच कोठ्यात जन्मलेली. गेल्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत तिला कधी सुई टोचायची वेळ आली नव्हती. पोळ्याच्या दिवशी घरी बैल सजवायची गडबड, बाहेर डफडं, पोट्ट्यांचा गोंगाट, आणि संध्याकाळी पाहतो तर मैना कोठ्याच्या कोपऱ्यात थरथर कापून राहिली, दोनदा ओकली, मागचे पाय टेकत नाहीत. फवारणीचे दिवस होते म्हणून सगळ्यांनी एकच सांगितलं, फवाऱ्याचं औषध चाटलं असंल. आमच्या जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार आणि मजूर गेले, तेव्हापासून कोणी माणूस किंवा जनावर ओकलं आणि कापलं की पहिला संशय तिथंच जातो आणि तो जाणं चूकही नाही. पण त्या विषात तोंडातून लाळ गळते आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, मैनाला यातलं काहीच नव्हतं. हे मला फार नंतर कळलं. त्या रात्री सलाईन लावली, सोबत डेक्साचं, म्हणजे डेक्सामेथासोनचं, इंजेक्शन दिलं आणि सकाळी मैना शेपटी हलवत दारात उभी. आम्ही म्हटलं चला वाचली.

मग दिवाळी आली, फटाके फुटले, पुन्हा तेच. या वेळी सांगितलं गोचीड ताप आहे. अंगावर गोचीड होते हे खरं, पण आमच्याकडच्या कोणत्या कुत्र्याच्या अंगावर नसतात? गोळ्यांचा कोर्स दिला, सलाईन दिली, डेक्सा दिलं, दोन दिवसात उठली. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा पडली तेव्हा आमची माय म्हणाली, "हिले गोंगाट सोसत नाही रे बाप्पा. पोळा झाला तं पडली, दिवाळी झाली तं पडली, आता घरी पाहुणे आले तं पडली." मी तेव्हा मनावर घेतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटते. माय शाळेत गेलेली नाही पण रोगाचं अर्धं निदान तिनं त्या दिवशीच केलं होतं.

आणि मधल्या दिवसात मैना बरी होती का तर नीट बरी नव्हतीच. भाकर अर्धी टाकून द्यायची, बरगड्या दिसायला लागल्या होत्या, पाणी खूप प्यायची आणि मुतायची खूप, धुऱ्यावरून उडी मारणारी कुत्री धुरा वळसा घालून जायची. दोन दिवस चांगली, चार दिवस सुस्त. आम्हाला वाटलं वय होऊन राहिलं, पण पाच वर्षं हे काय कुत्र्याचं म्हातारपण आहे?

एप्रिलमध्ये पुतणीचं लग्न घरीच होतं, मांडव, डीजे, दोनशे माणूस. हळदीच्या दुसऱ्या दिवशी मैना मांडवामागं आडवी पडलेली सापडली, हिरड्या पांढऱ्या, पाय थंडगार, हाक मारली तर फक्त डोळे हलले. ऊन चव्वेचाळीस डिग्री, त्यामुळं सगळे म्हणाले ऊन लागलं. पण थर्मामीटर लावलं तर ९७. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ च्या आसपास असते, आणि ऊन लागलेलं कुत्रं भट्टीसारखं तापते, १०५ च्या वर जाते, ते थंड पडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात नेलं. रक्त काढलं, क्रिएटिनिन चारच्या वर, युरिया वाढलेला. सांगितलं किडन्या गेल्या, आता काही उपयोग नाही, हाल नका करू, झोपेचं इंजेक्शन देऊन टाकू. मी त्या डॉक्टरचं नाव घेत नाही आणि मला त्यांच्यावर रागही धरायचा नाही, कागदावर जे दिसत होतं ते किडनीसारखंच दिसत होतं. पण माय गाडीतच बसून होती, ती म्हणाली, "किडन्या गेलेलं जनावर बाटलीनं तीनदा उठते काय रे? उठलं नसतं. हिले नागपूरले ने."

त्या एका वाक्यावर आम्ही रात्रीच निघालो.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी नुसती छाती ऐकली आणि थांबले. म्हणाले, हिचं ब्लडप्रेशर एवढं पडलंय, अंग थंड आहे, अशा वेळी हृदय दीडशेच्या वर धावायला पाहिजे आणि हिचे ठोके आहेत ५६, हे गणित बसत नाही. ईसीजी काढला तर टी नावाची लहर सुईसारखी टोकदार आणि पी लहर जवळपास दिसतच नव्हती. मग त्यांनी पहिल्यांदा ती तपासणी केली जी त्याआधीच्या आठ महिन्यांत कोणीच केली नव्हती, सोडियम आणि पोटॅशियम. सोडियम १२४, जे कुत्र्यात साधारण १४० ते १५५ पाहिजे, आणि पोटॅशियम ७.९, जे साडेपाचच्या वर जायला नको. सोडियमला पोटॅशियमनं भागायचं, उत्तर २७ च्या खाली आलं की संशय घ्यायचा, २० च्या खाली आलं की संशय भक्कम. मैनाचं आलं पंधरा पूर्णांक सात.

या रोगाचं नाव अ‍ॅडिसन. थॉमस अ‍ॅडिसन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८५५ साली माणसात याचं वर्णन केलं, त्याच्या बऱ्याच पेशंटमध्ये टीबीनं ती ग्रंथी खाल्लेली होती. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनाही हा रोग होता आणि तरी ते अध्यक्ष झाले, हे डॉक्टरांनी माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती रडायची थांबली. कुत्र्यात बहुतेक वेळा टीबी वगैरे नसते, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते आणि ती ग्रंथी मारून टाकते. तरण्या आणि मधल्या वयाच्या कुत्र्यांत जास्त, आणि कुत्र्यापेक्षा कुत्रीत जास्त. पूडल, ग्रेट डेन अशा काही जातींत घराण्यानं येतो पण गावठी कुत्र्याला होत नाही असं काही नाही.

ग्रंथी म्हणजे दोन्ही किडन्यांच्या जवळ भुईमुगाच्या शेंगेसारखी एक एक बारकी गाठ असते तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. एवढीशी चीज, पण दोन मोठी कामं तिच्यावर. एक, कॉर्टिसोल बनवायचं. भीती, आजार, गर्दी, प्रवास, उपास, कोणताही ताण आला की निरोगी शरीर कॉर्टिसोल वाढवते आणि तो ताण झेलते. मैनाकडं वाढवायला काही शिल्लकच नव्हतं, म्हणून डफडं वाजलं की ती कोसळायची, मायचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं होतं. दुसरं काम अल्डोस्टेरोन बनवायचं, ते शरीरातलं मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढते. ते नसलं की मीठ लघवीतून वाहून जाते, मिठामागं पाणी जाते, रक्ताचं प्रमाण घटते, आणि पोटॅशियम आत साचून हृदयाचे ठोके मंद करत नेते, शेवटी बंदही पाडते. किडनीला पुरेसं रक्त पोचत नाही म्हणून क्रिएटिनिन चढते, किडनी स्वतः बिघडलेली नसते, मैनाचं क्रिएटिनिन सलाईनवर तिसऱ्या दिवशी दीडच्या खाली आलं. ग्रंथीचा जवळपास सगळा भाग मेल्यावरच लक्षणं ठळक दिसतात, तोपर्यंत जनावर कसंबसं निभावून नेते.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. अ‍ॅडिसनच्या कुत्र्याला काय कमी असते? मीठ, पाणी आणि स्टेरॉईड. आणि आमच्या गावात कुठलंही कुत्रं पडलं की पहिल्या झटक्यात काय देतात? नॉर्मल सलाईन, जे मिठाचंच पाणी आहे, आणि डेक्सा, जे स्टेरॉईड आहे. म्हणजे रोग न ओळखता आम्ही दर वेळी त्याचंच औषध देत होतो, पण दोन दिवसांपुरतं. मैना उठायची, आम्हाला वाटायचं विष उतरलं, गोचीड ताप गेला, आणि खरा रोग पुन्हा दबून बसायचा. औषध लागू पडलं म्हणून निदान झालं असं नसते साहेब. उलट जे कुत्रं मरायला टेकते आणि नुसत्या सलाईन-डेक्सावर जादूसारखं उठते, आणि महिन्या दोन महिन्यांनी पुन्हा तसंच पडते, त्याचंच सोडियम-पोटॅशियम आधी बघायला पाहिजे.

नुसत्या सोडियम-पोटॅशियमवर शिक्का मारत नाहीत हेही खरं. कुत्र्याच्या मोठ्या आतड्यात व्हिपवर्म नावाचे चाबकासारखे जंत झाले तरी हेच आकडे तसेच उलटे येतात, म्हणून आधी शेण तपासलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही पाहिल्या, कारण एवढ्या आजारी कुत्र्यात लिम्फोसाइट नावाच्या पेशी कमी व्हायला पाहिजेत, मैनाच्या जशाच्या तशा होत्या, कॉर्टिसोल नसल्याची ती एक खूण. मग पक्की परीक्षा. आधी रक्त घेऊन कॉर्टिसोल मोजलं, मग एसीटीएचचं इंजेक्शन दिलं, ते ग्रंथीला कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देते, आणि तासाभरानं पुन्हा रक्त घेतलं. निरोगी कुत्र्यात दुसरा आकडा चांगला वर जातो. मैनाचा आधी ०.४ आणि नंतर ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे हुकूम दिला पण ऐकायला घरात कोणीच नाही. दोन्ही आकडे २ च्या खाली राहिले की रोग पक्का. उलट साधं कॉर्टिसोलच २ च्या वर आलं तर अ‍ॅडिसन जवळजवळ नाहीच. ही साधी पहिली तपासणी तरी महागडी परीक्षा करायच्या आधी करता येते.

यात एक गोष्ट ढोरांच्या डॉक्टरांनी आणि गावात सुया देत फिरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन दिलेलं असलं तर मशीन त्यालाच कॉर्टिसोल समजते आणि आकडा खोटा वर येतो. डेक्सा मशीनला फसवत नाही, म्हणून जीव वाचवायला परीक्षेआधी स्टेरॉईड द्यायचंच असलं तर डेक्सा देतात. पण ते कधी, किती, कितीदा दिलं हे कागदावर लिहून पाहिजे. मैनाला आधी काय काय टोचलं याची एकही चिठ्ठी माझ्याकडं नव्हती, नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प.

उपचार त्या रात्रीच सुरू झाले, परीक्षेच्या रिपोर्टची वाट पाहिली नाही. सलाईन, हृदयाला आधार म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी हळूहळू ईसीजी बघत, पोटॅशियम पेशींत ढकलायला ग्लुकोज आणि इन्सुलिन, आणि डेक्सा. एक काळजी त्यांनी फार घेतली, सोडियम एका दिवसात दहा-बारा आकड्यांपेक्षा जास्त वाढू दिलं नाही, बरेच दिवस कमी असलेलं सोडियम एकदम वर नेलं तर मेंदूला इजा होते म्हणे. चौथ्या दिवशी मैनानं दूध-भाकर खाल्ली. मायनं फोनवरून ते ऐकलं आणि मारुतीला नारळ फोडला.

आता मैना रोज फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या ०.१ मिलिग्रॅमच्या दीड गोळ्या सकाळी आणि दीड संध्याकाळी घेते, सोबत प्रेडनिसोलोनची पाचची अर्धी गोळी. हा डोस तिच्या वजनाचा आणि तिच्या रक्ताच्या रिपोर्टचा आहे, कोणी पेपर वाचून आपल्या कुत्र्याला देऊ नये हात जोडून सांगतो. सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांनी सोडियम-पोटॅशियम तपासून डोस बसवावा लागला, आता तीन-चार महिन्यांनी. गोळ्या जन्मभर आहेत, पण नीट चालू राहिल्या तर कुत्रं आपलं पूर्ण आयुष्य जगते, हा मरणाचा रोग नाही. घरी लग्न, दिवाळी, प्रवास, काही जखम झाली की प्रेडनिसोलोन त्या दिवसांपुरतं दुप्पट-तिप्पट करायचं डॉक्टरांनी ठरवून दिलं. बाहेरच्या देशात महिन्याला एक इंजेक्शन मिळते, मी विचारलं त्या कोणत्याही दुकानात ते मिळालं नाही.

गोळीचंही तेच. प्रेडनिसोलोन कोणत्याही मेडिकलमध्ये चिल्लर पैशात मिळते. फ्लुड्रोकॉर्टिसोन मात्र माणसाचं औषध असून तालुक्यात एकाही दुकानात नव्हतं, दोघांनी तर नाव दोनदा विचारलं. हे औषध २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, माणसाच्या अ‍ॅडिसनलाही हेच लागते. मग आमच्या तालुक्यातल्या एखाद्या बाईमाणसाला हा रोग झाला तर तिनंही दर महिन्याला नागपूरहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सची वाट पाहायची काय? मला मैनाच्या गोळ्या संपायच्या आधी दहा दिवस ऑर्डर द्यावी लागते, एकदा उशीर झाला तर दोन रात्री झोप लागली नाही, कारण गोळी बंद म्हणजे पुन्हा तोच मांडवामागचा दिवस.

अजून एक, आणि हे शहरात परदेशी कुत्रे पाळणाऱ्यांसाठी जास्त. मैनाचं ऐकून आमच्या एका नात्यातल्या माणसानं सांगितलं की त्यांच्या लॅब्राडॉरला खाजेसाठी वर्षभर दर पंधरा-वीस दिवसांनी एक इंजेक्शन चालू होतं, खाज लगेच थांबायची, मग त्यांनी गाव बदललं, इंजेक्शन एकदम बंद झालं आणि कुत्रा ओकून ओकून निपचित पडला. खाजेचं ते इंजेक्शन बहुतेक स्टेरॉईडच असते. बाहेरून स्टेरॉईड सतत मिळालं की मेंदू ग्रंथीला हुकूम देणं सोडते, ग्रंथी आळसावते, सुकते, आणि मग अचानक बंद केलं की तीच गत. फरक एवढाच की यात मीठ धरून ठेवायचं काम शाबूत राहते, सोडियम-पोटॅशियम नॉर्मल येते, म्हणून पकडणं अजून कठीण. ग्रंथी स्वतः अर्धवट मेलेली असली तरी काही कुत्र्यांत सुरुवातीला असं होते, मीठ ठीक आणि फक्त कॉर्टिसोल नाही, महिनोन्‌महिने ओकारी आणि हगवण. म्हणून खूप दिवस चालू असलेलं स्टेरॉईड डॉक्टरला विचारून हळूहळू उतरवायचं, आणि इंजेक्शन कशाचं आहे हे विचारायचा हक्क मालकाला आहे, विचारावं.

माझं मागणं जास्त नाही. आमच्या ढोरांच्या दवाखान्यातली माणसं खूप राबतात, एका पशुधन पर्यवेक्षकाकडं कितीतरी गावं, लसीकरण, रेतन, पंचनामे, त्यात कुत्र्याचा नंबर शेवटी लागतो हे मला कळते. १९६२ या नंबरवर फोन केला तर जनावरांच्या दवाखान्याची गाडी येते हेही चांगलं आहे. पण निदान जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात सोडियम-पोटॅशियमची मशीन पाहिजे, ती फक्त कुत्र्यासाठी नाही, हगवण लागलेल्या वासरालाही ती तेवढीच लागते. तोपर्यंत तालुक्यातली माणसांची पॅथॉलॉजी लॅब आहेच, तिथं हीच तपासणी रोज होते, डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन नमुना तिथं पाठवायला काय हरकत आहे? नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे, विद्यापीठही तिथंच, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे, म्हणजे ज्ञान विदर्भातच आहे साहेब, ते दारव्ह्यापर्यंत यायला आठ महिने आणि मायचा हट्ट लागू नये. तिथल्या गुरुजनांनी गावोगावच्या डॉक्टरांसाठी या रोगावर एक साधं पान मराठीत काढलं तरी काम होईल. आणि औषध दुकानदारांच्या संघटनेनं प्रत्येक तालुक्यात निदान एका दुकानात फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या दोन स्ट्रिपा ठेवायचं ठरवावं.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर बाकी काहीही कापा, पण सलाईन-डेक्सा आणि सोडियम-पोटॅशियमचा तेवढा भाग ठेवा ही विनंती. उद्यापासून वेचणीची माणसं येऊन राहिली, वावरात महिनाभर गजबज राहीन, म्हणून आज संध्याकाळीच डॉक्टरांना फोन करून मैनाची गोळी वाढवून घेतली.

आपला नियमित वाचक,
एक कास्तकार,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ